पण मालकीण शार्प-टंग्ड

किल्ली पुढे करायची आणि सोडायची नाही, अशी तिची रीत होती. पाहुणा हसत हात पुढे करी, किल्लीचं टोक धरी, ओढून बघी. दुसरं टोक तिच्या मुठीत घट्ट. "म्हण," ती म्हणायची. "दर्याची ओढ येयली तर काय करतलंस? म्हण. आडवो." आणि मोकळा हात सरळ बाजूला पसरून दाखवायची.

पाहुणा रशियाचा असो की रत्नागिरीचा, म्हटल्याशिवाय त्याला खोली मिळत नसे. कुणी पुटपुटला तर लगेच पुढचं वाक्य यायचं, "मोठ्यान. दर्याक आयकाक येवक व्हया." मग तो बिचारा फाटकात उभा राहून जोरात "आडवो!" ओरडे, शेजारपाजारची कुत्री भुंकत, आणि किल्ली सुटे.

तुम्ही कधी गोव्यात हरमलला राहिला असाल आणि उत्तरेकडच्या खडकांच्या बाजूला खोली घेतली असेल, तर कदाचित तुम्हीही हा शब्द ओरडला असाल. ओरडून झाल्यावर हसलाही असाल. मी तिचा शेजारी. पेडण्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, संध्याकाळी घरी आलो की सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसतो, आणि माझ्या सोप्यावरून तिचं फाटक सरळ दिसतं. हा तमाशा मी वर्षानुवर्षं फुकट पाहिला. पण एका मोसमात तो बंद पडला. एका इंग्रजी शब्दापायी ती गप्प झाली, आणि त्या गप्प बसण्यातून एका माणसाच्या जिवावर बेतलं. ते सांगायचं म्हणून हे लिहितोय.

मी तिला वैनी म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची, आणि रागात असली की मास्तरा. म्हणजे बहुतेक वेळ मास्तराच.

तिच्या जिभेचा प्रसाद मला पहिल्या आठवड्यातच मिळाला होता. नवं घर बांधून राहायला आलो होतो, मोठ्या हौसेनं पिशवीतून बांगडे आणत होतो. तिनं फाटकातच अडवलं, पिशवीत नाक घातलं आणि म्हणाली, "मास्तरा, हे बांगडे तुझ्या शाळेत जावन, धा यत्ता शिकान येयले काय रे?" बांगडे शिळे होते हे मलाही वास येऊन कळलं होतं, पण बायकोला ते कळायच्या आधी अख्ख्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, कळलं. त्या दुपारी वैनीच्या घरून झाकलेल्या भांड्यातून ताज्या माशांची आमटी आली. भांडं परत द्यायला गेलो तर म्हणाली, "रिकामा आणलंस? थोडी अक्कल घालून आणूची होती."

परदेशी पाहुण्यांनाही हेच. कुणी गोरा वाळूत दुपारभर उताणा पडून लाल झालेला दिसला की ती वरून ओरडायची, "परत रे, परत! एका बाजून करपलंस!" आणि हातानं तव्यावरचा मासा परतल्याची खूण करायची. तो खरंच कुशीवर वळायचा. वर्षामागून वर्ष परत येणारे काही जुने पाहुणे तर तिला नमस्कार करतच नसत. रस्त्याच्या टोकापासूनच हात बाजूला पसरून "आडवो!" अशी आरोळी ठोकत येत. मग तिचा चेहरा पाहावा.

ही आरोळी तिला बापाकडून आली होती. तिचा बाप रापणीवाल्यांचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचा, टेहळ्या. खडकाच्या माथ्यावर उभा राहायचा, पाण्यात माशांच्या थव्याची सावली दिसली की होडीवाल्यांना हाक मारून आणि पंचा हलवून कुठं वळायचं, जाळं कुठं टाकायचं ते सांगायचा. लहानपणी ती त्याच्याजवळ उभी असे. "आमच्या घरात हळू बोलणारा कोण नाय," ती म्हणायची. "हळू बोललेला दर्या खातो."

आता या ओढीचं थोडं सांगतो, म्हणजे तुम्ही गोंधळणार नाही. लाटा किनाऱ्यावर येतात, ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. खडकांच्या कडेला कधीकधी त्याची वाट तयार होते. तिथं लाटा फुटत नाहीत, पाणी निवांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ती वाट त्याला आत ओढते. तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो, दमतो आणि जातो. त्या वाटेतून सुटायचं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. वाट अरुंद असते, बाजूला झालं की लाटाच माणसाला बाहेर आणून टाकतात. वैनीचा तो शब्द म्हणजे हे एवढं सगळं.

तिचा मुलगा सर्वेश माझा विद्यार्थी. गरीब स्वभावाचा, आवाज इतका हळू की वर्गात हजेरीला त्याचं नाव दोनदा घ्यावं लागे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो नोकरीला होता. पाळ्या करून कंटाळला, नोकरी सोडली, घराच्या वरच्या खोल्या नीट केल्या, न्हाणीघरं जोडली आणि खोल्या मोबाईलवर टाकल्या. आता घराची चूल त्या खोल्यांवर होती. पाहुणे जाताना काय लिहितात यावर पुढचे पाहुणे यायचे, त्यामुळे तो रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी फोन बघायचा.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तो माझ्या सोप्यावर आला. चेहरा उतरलेला.

"सर, ह्या जरा वाचा."

मी वाचलं. खोली स्वच्छ, समुद्र जवळ, नाश्त्याला पाववाल्या पोदेराचा गरम पाव. पण मालकीण शार्प-टंग्ड.

"म्हणजे बरा काय वायट?" तो म्हणाला. त्याला अर्थ कळला होता. फक्त मी काहीतरी दुसरं सांगावं अशी त्याची आशा होती.

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर वैनीच कुंपणापाशी हजर. हाताला नारळाचा कीस लागलेला. "काय लिवलानी माझ्याबद्दल? वाच मास्तरा. अर्थ सांग, फिरव नको."

मग सांगितला. म्हटलं, "तिखट जिभेची. म्हणजे आपण फटकळ म्हणतो ना, तसं."

"फटकळ?" ती मोठ्यानं हसली. "ता तर माझ्या सासवेनय म्हटला होता. मगे? फुडे काय आसा?"

"पुढे काही नाही."

"'पण' नाय?"

मी पुन्हा फोनकडे पाहिलं. तुम्हीच आठवून बघा, आपल्यात कुणाला फटकळ म्हटलं की पुढे 'पण' येतोच. फटकळ आहे, पण मनानं निर्मळ. तोंडाची वाईट आहे, पण वेळेला धावते. त्या 'पण'च्या आधारानं आपल्याकडे कितीतरी फटकळ माणसं सुखानं नांदतात. इथं मात्र 'पण' आधीच येऊन गेला होता, आणि वैनी त्याच्या चुकीच्या बाजूला उभी होती.

मी मास्तरकी करत तिला समजावलं. म्हटलं, हा शब्द इंग्रजीत बहुतेक बाईलाच चिकटवतात. हेच बोलणारा पुरुष असता तर त्याला स्ट्रेट-फॉरवर्ड म्हटलं असतं, आणि ते कौतुक झालं असतं. तेव्हा मनावर घेऊ नका.

पण ती आता हसत नव्हती. सर्वेशकडे बघत होती. तो जमिनीकडे बघून म्हणाला, "आई, थोडे दिस तू फुडे येव नको. किल्ली मी दितंय. तू नुसती हास, हाय म्हण आणि गप रव. खोल्यो रिकाम्यो रवल्यो तर मी परत खय जाव?"

आयुष्यात त्यानं आईला एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच ऐकवलं असावं. तिनं हाताला लागलेला कीस झटकला. मग म्हणाली, "गप रवतंय. बघ तू."

आणि राहिली. अर्धवट काही करणं तिच्या रक्तात नव्हतं. बोलली तशी गप्पही पुरती झाली. त्यासाठी तिनं एक युक्ती काढली. भिंतीच्या कोनाड्यात सोलांची, म्हणजे आमसुलांची, बरणी असे. पाहुणा जिन्यावरून उतरताना दिसला की ती एक सोल तोंडात टाकायची. आंबट सोल गालात धरलं की बोलता येत नाही, फक्त ओठ मिटून हसता येतं. पाहुण्याला वाटे, काय गोड म्हातारी आहे!

सर्वेशनं खोलीखोलीत एक चकचकीत कार्ड लावलं. त्यावर वाय-फाय, टॉवेल, खोली सोडायची वेळ आणि शेवटी बारीक अक्षरात, पोहणं आपापल्या जबाबदारीवर. किल्ली तो हसून हातात ठेवी. फाटकातल्या आरोळ्या थांबल्या. वाड्यावर शांतता झाली, आणि खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस ती आम्हाला बरी वाटली. मोबाईलवर लोक छान छान लिहू लागले. सर्वेशच्या चेहऱ्यावर तेज आलं.

मला मात्र संध्याकाळी सोप्यावर बसणं अवघड होऊ लागलं. कारण मला तिचा हात दिसायचा. पाहुणा खांद्यावर टॉवेल टाकून समुद्राकडे निघाला की पायरीवर बसलेल्या वैनीचा उजवा हात आपोआप वर यायचा, मूठ वळलेली, किल्ली धरल्यासारखी. मग तिच्या लक्षात यायचं. तो हात ती केसांवरून फिरवायची आणि मांडीवर ठेवायची. रोज हे असंच.

"वैनी, असं किती दिवस?" मी एकदा कुंपणावरून विचारलं.

"थंडीतलो दर्या गरीब आसता," ती सोल गालात सरकवून म्हणाली. "कोणाक काय करूचो नाय. वारो फिरलो काय मगे बघूया."

शिमगा झाल्यावर तिनं सर्वेशला सांगितलंही. मी ऐकलं आहे. "वारो फिरतलो आता. माका सोड." तो म्हणाला, "आई, थय लाल बावटो लावतत. जीवरक्षक आसत. आता आपण बोलाक नको." त्याचंही खोटं नव्हतं. पण बावटा आणि जीवरक्षकांचा मनोरा मोठ्या किनाऱ्यावर. आमच्या खडकाआडच्या कोपऱ्यात यातलं काहीच नाही.

उन्हाळा चढला तसे पाहुणे पांगले. शेवटी एकच उरला. उंचच उंच, काटकुळा, कुठल्याशा थंड देशातला तरुण. वैनीनं त्याचं नाव ठेवलं लांबडो. घरात, सोल नसताना, ती त्याच्याविषयी बोलायची. लांबडो जेवला नाय. लांबड्याच्या चपलेचो पट्टो तुटलो. लांबड्यान आज माशाचा तिखट हुमण खाल्ल्यान, डोळ्यांतसून पाणी इला तरी खाल्ल्यान. तो कुणाशी फारसं बोलत नसे. रोज दुपार कलली की पोहायला जाई आणि येताना वैनीसमोर थांबून हात जोडी. तीही गाल फुगवून हात जोडी.

एकदा तो माझ्याकडे आला आणि हळूच विचारू लागला की या आजींना जन्मापासूनच बोलता येत नाही का.

मी हसू दाबलं आणि म्हटलं, येतं. पण त्याला वाटलं मी तिची लाज राखतोय. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून त्यानं एक छोटी पितळी घंटा आणली आणि दोन्ही हातांनी तिला दिली. कुणाला बोलवायचं झालं तर वाजवा, अशी खूण केली. वैनीनं ती घेतली. तो वर गेल्यावर ती मागच्या दारानं माझ्या बायकोकडे आली आणि पोट धरून हसली. "माका घांट! गो, माका घांट हाडल्यान!" हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. बायकोनं तिला खुर्चीवर बसवलं. "त्याका मी काय एक शब्द दिवक नाय गो," ती म्हणाली. "तो माका मुकी समाजता."

त्यानंतर वारा फिरला.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. खाली खाण्यापिण्याचे शॅक मोडून झाले होते, वाळूवर नुसते बांबूचे खड्डे. सर्वेश शिडीवर चढून पावसाआधी पडवीवर प्लास्टिक बांधत होता. वैनी पायरीवर कुळीथ निवडत बसली होती, पण तिचं लक्ष सुपात नव्हतं. सकाळपासून ती समुद्राचा आवाज ऐकत होती. मला तो रोजच्यासारखाच वाटत होता. तिनं दोनदा उठून खडकाच्या दिशेला पाहिलं आणि परत बसली.

दुपार कलली. लांबडो जिना उतरला. खांद्यावर टॉवेल.

वैनी उठून उभी राहिली. सोल गालात होतंच. तिचा हात वर गेला, मूठ वळलेली, पार खांद्याच्या वर. त्या दिवशी तो हात केसांकडे वळला नाही, तसाच राहिला. लांबडो थांबला. मी सोप्यावरून वाकून बघू लागलो.

"आई," शिडीवरून सर्वेश म्हणाला. रागानं नाही. नुसतं, आठवण करून दिल्यासारखं.

हात खाली आला.

लांबड्यानं हात जोडले, हसला आणि गेला. वैनी सूप उचलून आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी पुन्हा बसलो, पण पाठ टेकवेना. सर्वेशही दोरीची गाठ मारता मारता थांबला होता आणि आईच्या दाराकडे बघत होता.

ती धावतच बाहेर आली. अंगणात सोल थुंकलं. अंगात गाऊन, खांद्यावर तांबडा तोवालो, पायात काही नाही. "सर्वेशा! होडी! होडी काढूक सांग!" एवढंच ओरडली आणि फाटकाबाहेर गेली. त्या वयात तिला तसं पळताना मी पाहिलं नव्हतं. मी तिच्यामागे धावलो.

खडकाच्या कडेचं पाणी अगदी निवांत दिसत होतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मध्ये मात्र गुळगुळीत वाट. त्या वाटेत, खूप आत, लांबड्याचं डोकं. त्याचे हात चालले होते, जोरात चालले होते, तोंड किनाऱ्याकडे होतं, आणि तरी डोकं लहान लहान होत होतं.

सर्वेश वाळूवरच्या होड्यांकडे पळाला. तिथं दोघे मच्छीमार होते, पण पावसासाठी होडीचं इंजिन काढून ठेवलेलं. ते वल्ही शोधू लागले. मी हातांचा कर्णा करून इंग्रजीत ओरडलो, स्विम साईडवेज! वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज पहिल्या लाटेपाशीच बुडाला.

वैनी खडकावर चढत होती. हातापायांवर, गुडघे खरचटत. माथ्यावर पोचली, उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"आडवोऽऽऽ!"

एवढ्या वर्षांत मी तिचे सगळे आवाज ऐकले होते असं मला वाटत होतं. हा ऐकला नव्हता. मच्छीमार वल्ही हातात धरून जागीच थांबले. पण लांबड्यानं वळून पाहिलं नाही. कसा पाहणार? तो शब्द त्याला कुणी दिलाच नव्हता. डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

"आडवोऽऽऽ! रे लांबड्याऽऽ! आडवो!"

डोकं वर आलं आणि थांबलं. हात थांबले. त्यानं नंतर सांगितलं की आपल्याला बोलावतंय कोण ते बघायला तो वळला, आणि खडकावर ती मुकी म्हातारी ओरडताना दिसली. तो इतका चकित झाला की धडपडायचं विसरून पाण्यावर नुसता पडून राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. दमलेल्या छातीला तेवढाच विसावा मिळाला.

आता तो बघत होता. वैनीनं खांद्यावरचा तोवालो काढला, दोन्ही हातांत धरला आणि उत्तरेला, केरी गावाच्या दिशेला फेकल्यासारखा हलवला. पुन्हा हलवला. पुन्हा. सगळं अंग एका बाजूला झोकून देऊन. अशी खूण मी कधी बघितली नव्हती, पण त्या दोघांतल्या म्हाताऱ्या मच्छीमारानं ओळखली. "बापाशीसारकी वळयता रे," तो म्हणाला आणि होडीला खांदा लावला.

लांबड्याचा एक हात बाजूला गेला. मग दुसरा. तो आडवा पोहू लागला. अगदी हळू. लाट आली की दिसेनासा होई. लाट गेली की पुन्हा दिसे, थोडा बाजूला. वैनी थांबली नाही. तिचा आवाज फाटला, मग घोगरा झाला, मग नुसता वारा निघू लागला, तरी तोवालो चालूच होता.

तो गुळगुळीत वाटेच्या बाहेर आला तसं फेसाळ पाण्यानं त्याला उचललं आणि आपटलं. सर्वेश कमरेला दोरी बांधून गळ्यापर्यंत पाण्यात शिरला. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. सर्वेशनं त्याचे केस धरले, मग काख, आणि आम्ही दोघांनाही वाळूवर ओढलं.

लांबडो खारं पाणी ओकत होता. वैनी खडकावरून उतरून आली. गुडघ्यांतून रक्त. आता बरसणार, असं आम्हाला वाटलं. ती त्याच्यासमोर वाळूत बसली, रिकामी मूठ त्याच्यापुढे धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हण."

त्याला कळेना.

"म्हण. आडवो."

"आड... वो."

"मोठ्यान."

तो रडत ओरडला. तिनं मूठ उघडली. मग मात्र सुरू झालं. दिवाळीपासून साठलेलं सगळं त्या फाटक्या गळ्यातून बाहेर पडलं. त्याची उंची, त्याची अक्कल, त्याचा देश, त्याची ती घंटा, त्याच्या आईनं त्याला काय शिकवलं आणि काय नाही. तो मान हलवत, एक शब्द न कळता, सगळं ऐकत होता. शेजारी सर्वेश गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याला ती एक शब्दही बोलली नाही.

लांबडो पाऊस लागायच्या आधी गेला. काही दिवसांनी सर्वेश फोन घेऊन माझ्याकडे आला, आणि त्याच्याबरोबर वैनीही. मी वाचलं. खोली लहान आहे, पंखा वाजतो. पण मालकीण शार्प-टंग्ड आहे.

"तोच शब्द?" वैनीनं विचारलं.

"तोच. पण या वेळी 'पण' तुमच्या बाजूला आहे."

मी ते तिला मोडून, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून समजावलं. खोली लहान, पंखा वाजतो, पण काळजी नको, मालकीण तिखट जिभेची आहे. मला वाटलं ती खूश होईल. सर्वेशला तर मनापासून तसं वाटत होतं. ती कुंपण धरून उभी राहिली.

"माझो हात वर गेलो होतो," ती म्हणाली. "वर गेलो आणि खाली येयलो. ता कोण लिवतलो?"

मी फोन परत केला. सर्वेश घरात निघून गेला.

पुढच्या मोसमाला त्यानं स्वतः फाटकाशी खुर्ची आणून ठेवली आणि किल्ल्यांचा जुडगा आईच्या मांडीवर ठेवला. कार्डं काढून टाकली. ती पुन्हा किल्ली धरू लागली, पाहुणे पुन्हा ओरडू लागले. तिचा आवाज मात्र परत आला नाही. फार तर माझ्या सोप्यापर्यंत पोचायचा. तिला ते कळत होतं. कधी संध्याकाळी घंटा वाजवून मला बोलवायची आणि म्हणायची, "मास्तरा, लांबड्याक सांग, कामाक येयली."

गेल्या पावसात ती गेली. ताप आला, मग दम लागला. फार दिवस घेतले नाहीत. वाड्यावर आता इतकं शांत असतं की समुद्र नीट ऐकू येतो, आणि मला तो अजूनही रोजच्यासारखाच वाटतो. अशा वेळी तिची आठवण येते आणि भीती वाटते.

परवा या मोसमातले पहिले पाहुणे आले. तरुण जोडपं, पाठीवर पिशव्या, उन्हानं तापलेली तोंडं. खुर्ची तिथंच होती, रिकामी. सर्वेश फाटकात उभा राहिला आणि त्यानं किल्ली पुढे केली. मुलीनं ती धरली, हसली, ओढली. किल्ली येईना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानंही ओढून पाहिली.

सर्वेशचे कान लाल झाले होते. माझ्या वर्गात उत्तर द्यायला उभं केल्यावर व्हायचे तसे. "आडवो म्हणा," तो म्हणाला, आणि दुसरा हात बाजूला पसरून इंग्रजीत काय ते समजावलं. ती दोघं गंमत वाटून हळूच म्हणाली.

"मोठ्यान," सर्वेश म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "दर्याक आयकाक येवक व्हया."

दोघं ओरडली. कुत्री भुंकली. त्यानं किल्ली सोडली. ती दोघं एकमेकांकडे बघत, खांदे उडवत जिना चढून गेली. ती काय लिहितील, देव जाणे. सर्वेशचा हात मात्र तसाच पुढे होता. बराच वेळ त्यानं तो खाली घेतला नाही.